बिनक्लचची गाडी

माणूस गाडी सोयीसाठी घेतो, असं गाड्या विकणारे सांगतात. बोरदऱ्याच्या गहिनीनाथरावांनी गाडी घेतली ती एका भाषणामुळे, आणि ते भाषणही त्यांचं नव्हतं. बोरदरा सेवा सहकारी सोसायटीत एकतीस वर्षं सचिव म्हणून सह्या ठोकल्यावर त्यांचा निरोप समारंभ झाला. अध्यक्ष विठ्ठलरावांनी त्यांना शाल घातली, नारळ दिला आणि माइक हातात आल्यावर त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "सचिवांनी आख्खी सोसायटी चालवली, पन सायकलीच्या वर काही चालवता आलं न्हाई त्यांना." मांडव हसला. गहिनीनाथरावही हसले, कारण अंगावर शाल असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही.

घरी येऊन त्यांनी शाल खुंटीला टांगली आणि बायकोला, म्हणजे अंजनाबाईंना, विचारलं, "मला चालवता येत न्हाई का गं?"

"येत न्हाई," अंजनाबाई म्हणाल्या. त्या भाकरी थापत होत्या आणि खोटं बोलायला त्यांना सवड नव्हती.

हे खरंच होतं. वीस वर्षांपूर्वी सोसायटीच्या जीपवर गहिनीनाथरावांनी शिकायचा प्रयत्न केला होता. जीप शिरूरच्या तहसीलसमोर सतरा वेळा बंद पडली आणि अठराव्या वेळी चालू झाली ती सरळ रसवंतीत गेली. दोष क्लचचा होता. एक पाय उचलायचा आणि त्याच क्षणाला दुसरा दाबायचा, हे त्यांना मुळातच बेशिस्तीचं वाटे. सोसायटीच्या ठरावावरसुद्धा आधी सूचक सही करतो, मग अनुमोदक. दोघं एकदम पेन धरत नाहीत.

पण त्यांचा पुण्यातला भाचा रामकिसन यानं फोनवर सांगितलं, "मामा, आता बिनक्लचच्या गाड्या येतात. ऑटोमॅटिक. दोनच पायडल. एक दाबलं की पळते, दुसरं दाबलं की थांबते. गेअर तिचे ती बदलते." त्याच्या इमारतीतल्या एका डॉक्टरीणबाईंना तशी जुनी गाडी काढायची होती. लहान, राखाडी, काचेवर बाळाच्या सावलीचं जाळीदार कापड लावलेली. गहिनीनाथरावांनी दोन रविवार पुण्यात जाऊन सराव केला. गाडी एकदाही बंद पडली नाही, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आपल्यात काही कमी नव्हतं, यंत्रात एक पायडल जास्त होतं, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं.

अडचण एवढीच होती की हे गावात सांगता येण्यासारखं नव्हतं. बिनक्लचची गाडी म्हणजे बायांची, नाहीतर लंगड्यांची, असं बोरदऱ्याचं पक्कं मत होतं. गाडी नावावर करायला ते आरटीओत गेले, तर खिडकीतल्या बाबूनं कागद बघून साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "आटोमॅटिक? पायाला काही प्रॉब्लेम आहे का काका?" मागं गावचे दोघं उभे होते. गहिनीनाथरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते, स्वतःच्या अर्जावर असा प्रश्न येईल याची तयारी नव्हती. ते घाईत "आहे" म्हणाले आणि मग फाटकापर्यंत लंगडत जावं लागलं. त्या दोघांमुळे पुढे गावातही दोन दिवस लंगडावं लागलं, आणि त्यातला दुसरा दिवस त्यांनी चुकून दुसऱ्या पायानं काढला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. अंजनाबाईंनी गेअरच्या दांडीला लोकरीची टोपी विणली, म्हणजे तिच्यावरची इंग्रजी अक्षरं कुणाला दिसू नयेत. डाव्या पायाशी एक पोतं टाकलं, म्हणजे तिसरं पायडल आहे की नाही ते वरून कळू नये. मग गहिनीनाथराव गावातून निघाले. डावा पाय पोत्यावर आपटत आणि डावा हात टोपीवर फिरवत त्यांनी मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत अकरा वेळा गेअर बदलले. देवळाच्या ओट्यावर सटवा बसला होता. सटवानं वीस वर्षं उसाचा ट्रक हाकला होता आणि चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याला मत होतं.

"सचिव," तो म्हणाला, "चारशे फुटात अकरा गेअर? इमान उडवायचंय का काय?"

त्या दिवसापासून गहिनीनाथरावांनी गेअर कमी केले. शाळेपर्यंत तीन. सटवाला मात्र त्यांनी पुढच्या सीटवर कधी बसू दिलं नाही. तिथं कायम अंजनाबाईंची पिशवी असे. विठ्ठलरावांकडे एक मोठी पांढरीफेक गाडी होती, जिच्यात चढायला वेगळी पायरी होती. ते या लहान गाडीकडे बघून नुसते हसत आणि म्हणत, "शोभेची हाय. असू द्या."

असं वर्ष गेलं, आणि मग दोन हजार अठराचा पाऊस आलाच नाही. दसऱ्याला विहिरींचे तळ दिसले. दिवाळी झाली तशा ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर गावातले ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा, जे काही मोठ्या चाकांवर उभं होतं ते सगळं गेलं. मागं राहिली म्हातारी माणसं, जनावरं, सटवाचा एक खोकणारा ट्रॅक्टर आणि दोन गाड्या, एक विठ्ठलरावांची आणि एक गहिनीनाथरावांची. गावाला टँकर लागला. पण टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडून परत जाई. वर माळावर धनगरांची नऊ घरांची वस्ती होती, दोन किलोमीटरवर, आणि मधे एक अवघड चढ. टँकरवाल्याच्या कागदावर वस्ती नव्हती, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ती माळावरही नव्हती.

एका सकाळी वस्तीवरची भिवराबाई गहिनीनाथरावांच्या दारात आली. वय सत्तरीच्या पुढं, हातात काठी, मागं दोन शेळ्या. पोरं-सुना ऊस तोडायला गेलेल्या.

"सचिव, गाडी हाय म्हनं तुमच्याकडं. डोक्यावर दोन हांडे नेती मी, तर शेरडं पेत्यात, मान्सं ऱ्हात्यात."

त्याच वेळी घराच्या ओट्यावर विठ्ठलराव चहा पीत होते. जनावरांच्या चारा छावणीच्या अर्जावर जुनी सही कुठली आणि नवी कुठली एवढं विचारायला ते आले होते. ते हसून म्हणाले, "मावशी, ती शोभेची गाडी. तिच्यानं काय पानी वाहवतंय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. गहिनीनाथराव म्हणाले, "दहा कॅन टाकीन. रोज. उद्यापासून."

वीस लिटरचे दहा कॅन. सहा डिकीत, चार मागच्या सीटवर. पहिल्या दिवशी ते निव्वळ विठ्ठलरावांना दाखवायला गेले, आणि चढावर गाडी गुरगुरली तेव्हा मनातून घाबरले. वर नऊ घरांची म्हातारी माणसं भांडी घेऊन ओळीनं बसलेली होती. भिवराबाईनं कॅन मोजले, "धा," म्हणाली, आणि पहिल्या कॅनातलं भांडंभर पाणी त्यांनाच प्यायला दिलं. तेवढं पाणी घशाखाली उतरताना गहिनीनाथरावांना जे वाटलं ते त्यांना सोसायटीत एकतीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कुणाला दाखवायला गेले नाहीत. नुसते गेले.

इथं थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण चांगलं काम करणाऱ्या माणसाला सल्ले फार मिळतात. सटवा म्हणाला, "धा कॅनानं नऊ घरांचं काय भागतंय? ट्रॅक्टरला रोजचं डिझेल मला परवडत न्हाई, तुमीच हुक लावा, मागं माझी फवाऱ्याची गाडी जोडा. पाचशे लिटरची टाकी हाय. एका फेरीत काम." गहिनीनाथरावांना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि रामकिसननं फोनवर सांगितलेलं कारण असं होतं की, मामा, हा गेअरबॉक्स हलक्या कामाचा आहे, त्याला काही ओढायला लावू नका. हे गावात बोलणं म्हणजे पुन्हा शाल पांघरून मांडवात उभं राहणं होतं. त्यांनी हुक लावला.

नवव्या दिवशी चढाच्या मध्यावर गाडीतून जळक्या साखरेसारखा वास आला. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी हळूहळू मागं यायला लागली. खाली लाल तेलाचा ओघळ आला. सटवा मागून चालत होता, त्यानं चाकाला दगड लावला आणि वाकून बघितलं.

"क्लच प्लेट गेली," तो निदान करून मोकळा झाला.

"हो," गहिनीनाथराव म्हणाले. "प्लेटच गेली."

गाडीत जी वस्तू कधी नव्हतीच ती गेल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. लोक समाचाराला आले. कुणी म्हणालं, अर्धा पाय क्लचवर ठेवायची खोड वाईट. कुणी म्हणालं, क्लच हा नवऱ्यासारखा असतो, सारखा दाबायचा नसतो. हे भांडी घासणाऱ्या शेजारणीचं मत होतं आणि अंजनाबाईंनी त्यावर मान हलवली. सटवानं तर घरी जाऊन माळ्यावरची एक जुनी क्लच प्लेट काढली, घासलेटनं पुसली आणि कागदात गुंडाळून आणून दिली. "मोठ्या जीपची हाय, पन बसंल. पैसे नगं, तुमी पुन्याचं काम करताव." गहिनीनाथरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली. एवढ्या प्रेमानं दिलेली वस्तू ठेवायची कुठं हे मात्र त्यांना कळेना. शेवटी ती देवघराशेजारच्या फळीवर गेली.

दुरुस्ती शिरूरला करणं शक्य नव्हतं, तिथं प्रत्येक पानटपरीवर ओळखीचा माणूस. बीडला त्याहून जास्त. म्हणून मांजरसुंब्याच्या फाट्यावर, धाब्यांच्या मागं, आसाराम मिस्त्रीचं गॅरेज ठरलं. हमरस्त्यावर देशभरच्या गाड्या बिघडतात, त्यामुळे आसारामला सगळ्या जाती माहीत. सटवानं ट्रॅक्टरला साखळदंड लावून गाडी ओढत नेली. पन्नास किलोमीटरला पाच तास लागले, आणि पाचही तास सटवा मागं वळून वळून क्लचबद्दल बोलत होता. पोहोचल्यावर गहिनीनाथरावांनी त्याला आधी धाब्यावर जेवायला पाठवलं आणि मग आसारामच्या कानाशी जाऊन सांगितलं, "ऑटोमॅटिक हाय. हळू बोला."

आसाराम हळू बोलला, पण त्याचा चेहरा मोठ्यानं बोलत होता. "चाकं खाली ठेवून वढून आनली? आटोमॅटिक अशी वढत असत्यात व्हय? आदी आर्दी गेलती, आता पुरी गेली." त्यानं वाकून लाल तेल बोटावर घेतलं आणि वास घेतला. "काय वाहात होतात?"

"पाणी."

"काका, ह्यो हलक्या कामाचा माल हाय. हापिसात जायचं, भाजी आनायची, घरी यायचं. कंपनीनं ह्याला पान्याचा टँकर म्हनून न्हाई काढला." मग त्याला काहीतरी आठवलं. "पन तुमचं नशीब. ह्योच गेअरबॉक्स धा-बारा माडेलात बसतो. वरून गाडी ल्हान असू द्या का दांडगी, आतला माल एकच. तसलीच एक गाडी आत पडली हाय. तिचा बी असाच जळालाय, पन दुसऱ्या बाजूनं. तुमच्यातलं चांगलं अन् तिच्यातलं चांगलं काढलं तर दोन्हीत मिळून एक बॉक्स हुईल."

आत ताडपत्रीखाली एक मोठी गाडी होती. ताडपत्री लांबीला पुरत नव्हती, त्यामुळे खालची पायरी उघडी होती. चढायला वेगळी पायरी असलेली पांढरीफेक गाडी गहिनीनाथरावांनी तालुक्यात एकच बघितली होती. ती आठ दिवसांपूर्वी सीटचं कातडं बदलायला पुण्याला गेली होती, असं विठ्ठलरावांनी स्वतः ओट्यावर सांगितलं होतं.

ते ताडपत्री उचलून दांडीकडे बघत असतानाच मागून दात कोरत विठ्ठलराव आले. गहिनीनाथरावांनी ताडपत्री परत खाली सोडली.

"गुडघा," विठ्ठलराव म्हणाले. "गुडघ्यामुळं घेतली आटोमॅटिक."

"कंचा गुडघा?"

"डावा." त्यांनी उजवा चोळला. "छावणीच्या उद्घाटनाला चाऱ्याची ट्रॉली वढली फोटोसाठी. तवा गेली."

गहिनीनाथरावांना आधी राग आला, आणि तो खरा राग होता. निरोपाच्या त्या दिवशी हा माणूस माइक धरून हसवत होता, तेव्हा याच्याही पायाखाली दोनच पायडल होती. एक भाषण तिथंच, गॅरेजात, उभ्या उभ्या करावं असं त्यांना फार वाटलं. पण ते करायचं तर स्वतःची गाडी कशी इथं आली तेही सांगावं लागलं असतं. राग गिळावा लागला, आणि गिळलेला राग काही पाण्यासारखा उतरत नाही.

पुढचा प्रश्न मोठा होता. बॉक्स एक होणार, गाड्या दोन. विठ्ठलराव म्हणाले, "माझ्या गाडीत बसवा. बिस्तरवारी वरून दुष्काळाचं पाहणी पथक येतंय. अध्यक्ष काय सायकलवर जाईल?" गहिनीनाथराव म्हणाले, "वस्तीला चार दिवस पाणी न्हाई." आसाराम म्हणाला, तुमचं ठरवा, मला दुसरी कामं हायेत.

अंजनाबाई तिसऱ्या दिवशी एसटीनं भाकरी घेऊन आल्या, तेव्हा ते दोघं अजून ठरवतच होते. सहकारातल्या माणसांना ठरवायची एकच पद्धत माहीत असते. गॅरेजच्या लिंबाखाली सभा भरली होती. गणपूर्ती दोन. मतं एकास एक पडली. विठ्ठलराव म्हणाले, समान मतं पडल्यास अध्यक्षाचं निर्णायक मत. गहिनीनाथरावांनी एकतीस वर्षांची पोटनियमांची तपश्चर्या पणाला लावली आणि म्हणाले, ज्या सदस्याचा विषयात हितसंबंध आहे त्यानं सभेबाहेर जावं. विठ्ठलराव म्हणाले, मग तुमचा न्हाई का हितसंबंध? हेही बरोबर होतं. नियमाप्रमाणे दोघंही सभेबाहेर गेले, म्हणजे आठ पावलं जाऊन उन्हात उभे राहिले, आणि सभेत अंजनाबाई आणि आसाराम उरले.

अंजनाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "आमच्या गाडीत बसवा. बिस्तरवारी अध्यक्षांना आमचे हे गाडीनं नेतील, पन वस्तीचं पानी टाकून झाल्यावर."

बॉक्स बसला. निघताना आसारामनं गहिनीनाथरावांना बोट दाखवून बजावलं, "दोन जळक्याचा एक केलाय. धा कॅन अन् डायव्हर. त्याच्यावर कुणी बसवू नका." गहिनीनाथरावांनी हे दोनदा म्हणून घेतलं. सटवानं फोन करून विचारलं, प्लेट बसली का. बसली, म्हणाले.

गुरुवारी, म्हणजे ठरलेल्या बिस्तरवारी, टँकरच उशिरा आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. गहिनीनाथराव विहिरीवर कॅन भरत होते तोवर गावात पथकाच्या सहा गाड्या येऊन उभ्या राहिल्या, आणि विठ्ठलराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत धावत आले. "चला, चला. कॅन उतरवा."

"वस्तीचं पाणी टाकून झाल्यावर, असं ठरलंय."

"सचिव, साहेब आलेत."

"येऊ द्या. कॅन उतरणार न्हाईत."

विठ्ठलरावांनी घड्याळ बघितलं, कॅनांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून पुढच्या सीटवर बसले. चावडीसमोर गाडी थांबली तेव्हा पथकाचे साहेब, चष्म्याचे, बारीक, शहरी गृहस्थ, नेमके तिथंच उभे होते. त्यांनी मागच्या काचेतून आत वाकून बघितलं.

"हे पाणी कुठं नेता?"

विठ्ठलराव खाली उतरेपर्यंत सावरले होते. "वस्तीवर, साहेब. रोज टाकतो आमी. अध्यक्ष म्हणून माझं कर्तव्य हाय."

गहिनीनाथरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बाजूला वार्ताहर लिहून घेत होता. त्यांना वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळच नव्हता, कारण साहेब म्हणाले, "चला, मला दाखवा. तुमच्याच गाडीत येतो." आणि कुणी काही बोलायच्या आत ते दार उघडून मागं, दोन कॅनांच्या मधे, तिसरा पायाशी आणि चौथा मांडीवर घेऊन बसले. विठ्ठलराव पुढं. मागं गावचे लोक आणि तीन अधिकारी मोटरसायकलींवर, सटवा ट्रॅक्टरवर, आणि वार्ताहर कुणाच्या तरी मागं डबलसीट.

दहा कॅन आणि डायव्हर. त्यात एक अध्यक्ष, तेही पोटानं भरलेले, आणि एक साहेब.

सपाटीवर गाडीनं काही दाखवलं नाही. चढ लागला आणि मध्यावरच इंजिन ओरडायला लागलं. गाडी थांबली. जळकी साखर. तोच वास. गहिनीनाथरावांनी पाय ब्रेकवर दाबला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही न्हाई साहेब, वजन झालं थोडं," विठ्ठलराव म्हणाले. ते खाली उतरले, मागचं दार उघडून त्यांनी एक कॅन काढला आणि रस्त्याच्या कडेला ठेवला. मग परत पुढं येऊन बसले आणि सगळं माहीत असून लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हं, आता मारा फस्ट. दोन-चार कॅन कमी केले की चढंल. पानी काय, नंतर आनता येतं."

मागं लोक जमले होते. सटवा ट्रॅक्टरवरून ओरडत होता, "सचिव, क्लच अर्धा सोडून ठेवा अन् रेस द्या." विठ्ठलरावांनी दुसऱ्या कॅनाकडे हात नेला. गहिनीनाथरावांना वरच्या कडेला भांडी घेऊन उभी असलेली माणसं दिसत होती. सहा दिवस त्यांच्याकडे गाडी आली नव्हती. त्यांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायचे तसल्या आवाजात बोलले.

"कॅन उतरायचे न्हाईत. गाडीला क्लच न्हाई. फस्ट न्हाई, सेकंड न्हाई. गाडी ऑटोमॅटिक हाय अन् मला दुसरी चालवता येत न्हाई. कधी आलीच न्हाई. गेअरबॉक्स हलक्या कामाचा हाय, त्याच्यात धा कॅन अन् मी एवढंच मावतं. तवा पाणी ऱ्हाईल, मान्सं उतरतील. साहेब, तुमी बी."

बोलून झाल्यावर त्यांनी वाट बघितली. मांडवासारखं हसू येईल अशी त्यांची खात्री होती आणि त्यांचे कान आधीच तापले होते. कुणी हसलं नाही. साहेबांनी मांडीवरचा कॅन सीटवर नीट ठेवला, पँट झटकली आणि उतरले. विठ्ठलरावांनी खाली बघत दुसऱ्या बाजूनं पाय टाकला. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून सटवाचा आवाज आला, आणि तो दुखावलेला होता.

"मंग माझी प्लेट?"

"देवाशेजारी हाय," गहिनीनाथराव म्हणाले आणि परत आत बसले. लोकरीची टोपी त्यांनी काढून खिशात घातली.

हलकी झालेली गाडी गुरगुरत वर गेली. साहेब चालताहेत म्हटल्यावर मोटरसायकलींवरचेही उतरले, आणि मागून सारं सरकार पायी चढलं. साहेब, तीन अधिकारी, वार्ताहर, आणि सगळ्यांत शेवटी विठ्ठलराव, धापा टाकत, पांढऱ्या विजारीला गुडघ्यापर्यंत माती लागलेली. वर साहेबांनी वस्ती बघितली, घरं मोजली आणि डायरीत लिहिलं. वस्तीचं नाव टँकरच्या कागदावर घालायचा प्रस्ताव पाठवा, म्हणाले. किती दिवस लागतील असं कुणी विचारल्यावर म्हणाले, प्रक्रिया आहे.

भिवराबाईला प्रक्रियेत रस नव्हता. ती कॅन मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं.

"येवढी मान्सं आली," ती म्हणाली, "अन् कॅन नऊच?"

दहावा कॅन चढाच्या मध्यावर, कडेला, विठ्ठलरावांनी ठेवला होता तिथंच होता, आणि तो कुणी ठेवला हे सगळ्यांनी बघितलं होतं. साहेबही विठ्ठलरावांकडे बघायला लागले. विठ्ठलराव वळले आणि खाली उतरायला लागले.

गहिनीनाथरावांनी तो क्षण पुरेपूर भोगायचं ठरवलं. कडेला उभं राहून त्यांनी बघितलं. विठ्ठलरावांनी कॅन उचलला, खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पाणी इस्त्रीच्या कॉलरमधून आत गेलं, मग कॅन दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते चढायला लागले. दहा पावलं चालले आणि थांबले. परत सहा पावलं. खरं तर हसायला यायला हवं होतं. सहाव्या पावलानंतर त्यांना बघवेना. ते खाली गेले आणि कॅनाची दुसरी बाजू धरली.

निम्म्या वाटेत विठ्ठलरावांनी दम खाण्यासाठी कॅन टेकवला. आजूबाजूला बघून ते हळूच म्हणाले, "सचिव, ते माझ्या गाडीचं. तिला बी क्लच न्हाई, हे गावात कुनाला बोलू नका."

"न्हाई बोलत."

"शब्द?"

"शब्द," गहिनीनाथराव म्हणाले. त्यांनी कॅनाचं बूच घट्ट केलं आणि परत हात घातला. "उद्या सकाळी सातला विहिरीवर या. गाडी वर येती तवा तुमी मागून पायी यायचं. भरायला अन् उतरवायला मला एक माणूस लागतो."

"रोज?"

"प्रस्ताव मंजूर होईस्तोवर. उचला, मावशी बघतीय."